सहा तासांची वीज

साशंक : चेन्नईच्या दक्षिणेला हे जे कोवलम आहे, त्याच्यासमोर समुद्रात पवनचक्क्या उभ्या राहाव्यात असे तुम्ही म्हणता. माझा आक्षेप आधीच सांगून टाकतो. हा किनारा चक्रीवादळांच्या वाटेवर आहे. १२ डिसेंबर २०१६ला ‘वरदा’ चेन्नईवरून गेले, हजारो झाडे आडवी झाली, काही भागांत कित्येक दिवस वीज नव्हती. ९ डिसेंबर २०२२च्या रात्री ‘मंदौस’ किनाऱ्याला लागले ते इथून वीसेक किलोमीटरवर, मामल्लपुरमजवळ. अशा ठिकाणी तुम्ही शंभर मीटरचा मनोरा आणि त्याच्या माथ्यावर साठ-सत्तर मीटर लांबीची तीन पाती उभी करणार. धोका कल्पनेतला नाही, आपल्याच देशात घडून गेलेला आहे. ९ जून १९९८ला कांडला बंदरात हाहाकार माजवणारे चक्रीवादळ पोरबंदरजवळ किनाऱ्यावर चढले, तेव्हा त्या भागातल्या शंभराहून जास्त पवनचक्क्यांची मोडतोड झाली. आराखड्यात धरलेल्या वाऱ्यापेक्षा प्रत्यक्षातला वारा मोठा निघाला. तेच इथे होणार नाही, हे कशावरून?

उत्साही : होणार नाही असे मी म्हणत नाही. पण कशाने मोडते ते आधी नीट पाहू. बहुतेकांच्या मनात एक चित्र असते : वारा वाढतो, पाती वेगाने, आणखी वेगाने फिरतात आणि शेवटी तुटून जातात. असेही घडते. फेब्रुवारी २००८मध्ये डेन्मार्कमध्ये हॉर्न्सलेटजवळ ब्रेक निकामी झालेली एक चक्की अशीच बेभान फिरली, एक पाते मनोऱ्यावर आदळले आणि काही क्षणांत सारे कोसळले. त्याचे चित्रण जगभर पाहिले गेले, म्हणून तो समज इतका घट्ट बसला. मोठ्या वादळातले मोडणे बहुधा निराळे असते. वारा सेकंदाला तीनेक मीटर झाला की चक्की वीज देऊ लागते, अकरा-बारा मीटरला पूर्ण क्षमतेला पोचते आणि पंचवीस मीटरला, म्हणजे ताशी नव्वद किलोमीटरला, आपण होऊन थांबते. पाती स्वतःभोवती वळतात आणि वाऱ्याकडे फक्त कड करून उभी राहतात. चक्रीवादळाचा गाभा पोचतो तोवर यंत्र केव्हाच बंद झालेले असते. पुढे प्रश्न उरतो तो उभ्या सांगाड्याने वारा सोसण्याचा. त्यासाठी आयईसी ६१४०० हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्यातल्या पहिल्या वर्गाच्या चक्कीने दहा मिनिटांच्या सरासरीने सेकंदाला ५० मीटरचा वारा आणि तीन सेकंदांचा ७० मीटरचा झोत सोसला पाहिजे. ७० मीटर म्हणजे ताशी २५२ किलोमीटर. वरदाचा वारा याच्या जवळपासही नव्हता.

साशंक : तुम्ही पहिल्या वर्गाचा आकडा सांगितलात. तिसऱ्या वर्गाचा का नाही? तिथे झोत ५२.५ मीटरचा धरतात. आणि कोणत्या जागी कोणत्या वर्गाचे यंत्र लावायचे हे लोक पाहतात ते वर्षभराच्या सरासरी वाऱ्यावरून. मानकातच ते गणित बसवलेले आहे : सरासरी वाऱ्याची पाचपट म्हणजे त्या जागेचा सर्वांत मोठा वारा. सरासरी १० तर मोठा ५०, सरासरी ७.५ तर मोठा ३७.५. उत्तर युरोपात हे चालते. तिथे जिथे वर्षभर वारा जोरात असतो, तिथेच वादळेही जोराची होतात. आपल्याकडे ही सांगड तुटते. तमिळनाडूचा कामाचा वारा नैऋत्य मोसमाचा. तो मे ते सप्टेंबर पालघाटच्या आणि आरलवायमोळीच्या खिंडीतून घुसतो, म्हणून मुप्पंदलला देशातल्या सर्वांत मोठ्या पवनक्षेत्रांपैकी एक उभे राहिले. कोवलमला मारणारा वारा मात्र बंगालच्या उपसागरातून येतो, बहुतेक वेळा ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये. वर्षभर मध्यम वारा आणि एखाद्या वर्षी एक भयंकर रात्र, अशी ही जागा आहे. सरासरीकडे पाहून यंत्र निवडाल तर लांब पात्यांचे, हलके, मंद वाऱ्यासाठीचे यंत्र निवडाल. आता आपल्याच भारतीय मानकाकडे बघा. आयएस ८७५च्या तिसऱ्या भागात चेन्नईसाठी दहा मीटर उंचीवरचा झोत सेकंदाला ५० मीटर दिला आहे. शंभर मीटर उंचीवर तो साठीच्या पुढे जातो. म्हणजे तिसऱ्या वर्गाच्याच नव्हे, दुसऱ्या वर्गाच्या ५९.५च्याही वर. दाब वेगाच्या वर्गाने वाढतो, ५२.५ सोसणाऱ्या मनोऱ्यावर ६२चा झोत आला तर जोर चाळीसेक टक्के जास्त पडतो. आणि २०१५च्या आवृत्तीत पूर्व किनारा आणि गुजरातच्या ६० किलोमीटर पट्ट्यासाठी चक्रीवादळाचा वेगळा गुणक घातला आहे. वादळानंतर चालूच राहिल्या पाहिजेत अशा इमारतींना तो १.३ लावतात. पवनचक्कीला तुम्ही कोणता लावणार?

उत्साही : सरासरीवरून वर्ग निवडणे इथे चूक ठरेल, हे मान्य. आंतरराष्ट्रीय मानक लिहिणाऱ्यांनाही ते कळून चुकले. म्हणून २०१९च्या आवृत्तीत उष्णकटिबंधीय वादळांसाठी ‘टी’ हा वेगळा वर्ग आला. त्यात दहा मिनिटांच्या सरासरीचा वारा ५७ मीटर धरला आहे आणि वर्षभराच्या सरासरीशी त्याची गाठ सोडली आहे. कोवलमला मी त्याखालचे यंत्र मागणारच नाही. पण नुसत्या वेगाच्या आकड्यावर थांबलात तर मुख्य गोष्ट हातातून निसटेल. सप्टेंबर २००३मध्ये जपानच्या मियाकोजिमा बेटावर ‘माएमी’ हे टायफून आले. तिथल्या वेधशाळेत ७४.१ मीटरचा झोत नोंदला गेला आणि तीन चक्क्या भुईसपाट झाल्या. दोन मनोरे खाली दरवाजाच्या खाचेजवळ दुमडले, एकाचा पायाच उखडला. ऑगस्ट २००६मध्ये चीनच्या चेच्यांग प्रांतात ‘साओमाई’ने पाच मनोरे पाडले. या दोन्ही ठिकाणी वाऱ्याच्या जोराबरोबर आणखी दोन गोष्टी घडल्या. ग्रिडची वीज गेली आणि वाऱ्याची दिशा फिरली. मला यातले हेच सर्वांत महत्त्वाचे वाटते. पात्यांची कड वाऱ्याकडे करून चक्की वाचते, पण वारा जिकडून येतो तिकडे तोंड राहिले तरच. चक्रीवादळाचा केंद्रभाग जवळून गेला की काही तासांत वारा जवळजवळ उलटा होतो. मनोऱ्याच्या माथ्यावरची मोटार यंत्राचे तोंड फिरवत राहिली पाहिजे. ती मोटार विजेवर चालते. वीज नसेल तर तोंड जुन्या दिशेलाच राहते, वारा पात्यांच्या सपाट अंगावर बाजूने आदळतो, पाती थरथरू लागतात, आणि जो भार आराखड्यात कुठेच नव्हता तो मनोऱ्याच्या बुडाशी जाऊन बसतो.

साशंक : म्हणजे जे यंत्र वीज तयार करायला उभे केले, ते वादळात विजेवाचून मरते. आणि वादळ सर्वांत आधी वीजच नेते. श्रीवर्धनला विचारा. ३ जून २०२०ला ‘निसर्ग’ तिथे धडकले. नारळी-पोफळीच्या बागा तर गेल्याच, पण खांब इतके पडले की अनेक गावे आठवडे न् आठवडे अंधारात होती. असे असताना त्या मानकात काय लिहिले आहे? वादळाच्या सुरुवातीलाच ग्रिड जाईल असे धरा, असे ते म्हणते. हे बरोबर आहे. पुढे ते म्हणते की, तोंड फिरवायला किमान सहा तास पुरेल इतकी स्वतंत्र वीज यंत्रावर ठेवली असेल तर वारा कोणत्याही बाजूने आला तर काय होईल याची तपासणी करावी लागत नाही. तशी वीज नसेल तर ती तपासणी करायची, पण तेव्हा भारावरचा सुरक्षा गुणक १.३५ऐवजी १.१ धरायचा. कारण ग्रिड जाणे ही ‘असामान्य’ स्थिती समजली जाते. डेन्मार्कच्या किनाऱ्यावर ती असामान्य असेल. कोवलमला, श्रीवर्धनला, पोरबंदरला चक्रीवादळ आले म्हणजे ग्रिड जाणारच. तिथे ग्रिड टिकणे हीच असामान्य गोष्ट. ज्या स्थितीत यंत्र नक्की सापडणार, त्याच स्थितीसाठी सावधगिरी कमी. हे आपल्या किनाऱ्यासाठी कोणी बसून ठरवलेले नाही. दुसऱ्यांच्या हवामानातून ते आपल्याकडे जसेच्या तसे आले.

उत्साही : ‘असामान्य’ या शब्दामागे एक हिशेब आहे. पन्नास वर्षांतला सर्वांत मोठा वारा, ग्रिड जाणे आणि तोंड नेमके चुकीच्या बाजूला असणे, या तिन्ही गोष्टी एकाच क्षणी जुळण्याची शक्यता फार कमी, म्हणून गुणक कमी. गणित म्हणून ते खोटे नाही.

साशंक : त्या तीन गोष्टी एकमेकींपासून सुट्या असत्या तर. इथे तिन्ही एकाच कारणातून येतात. वाऱ्यानेच ग्रिड जाते आणि त्याच वादळाच्या फिरण्याने दिशा बदलते. ज्यांचे मूळ एक, त्यांच्या शक्यतांचा गुणाकार करता येत नाही.

उत्साही : हे मात्र मला खोडता येत नाही. इतकेच म्हणतो की, ही उणीव दूर करता येण्यासारखी आहे. सहा तासांऐवजी चोवीस तासांची बॅटरी ठेवा, चक्रीवादळाच्या पट्ट्यात १.१ न धरता पूर्ण १.३५ धरा. लोखंड वाढेल, पैसा वाढेल. अशक्य काही नाही. आणि सगळीकडे वाईटच घडले असेही नाही. सप्टेंबर २०१७मध्ये ‘मारिया’ पोर्तो रिकोवरून गेले तेव्हा पूर्वेकडच्या पुंता लिमा इथल्या चक्क्यांची पाती फाटली, पण दक्षिणेकडच्या सांता इसाबेलचे मोठे पवनक्षेत्र उभे राहिले. एकाच बेटावर, एकाच वादळात.

साशंक : पुंता लिमा वादळाच्या डोळ्याच्या वाटेजवळ होते, सांता इसाबेल त्यापासून दूर. त्यातून एवढेच कळते की डोळा कुठून गेला. माझी खरी भीती अशी की, डोळ्याभोवतीच्या कड्यात वारा कसा असतो हे आपल्याला नीट माहीतच नाही. २०१७मध्ये अमेरिकेत संगणकावर केलेल्या अभ्यासात असे दिसले की सर्वांत तीव्र वादळाच्या त्या कड्यात झोत ९० मीटरच्याही पुढे जाऊ शकतो, आणि पात्याच्या खालच्या टोकापासून वरच्या टोकापर्यंत दिशाही बदलत जाते. मग तुमचा तो ‘पन्नास वर्षांतला एकदाचा वारा’ बघा. हा आकडा ऐकायला मोठा वाटतो. दरवर्षी दोन टक्के शक्यता, असा त्याचा अर्थ. चक्कीचे आयुष्य पंचवीस वर्षे धरले तर त्या काळात तो वारा निदान एकदा ओलांडला जाण्याची शक्यता चाळीस टक्के निघते.

उत्साही : वारा ओलांडला जाईल, याचा अर्थ चक्की कोसळेलच असा नाही. सुरक्षा गुणक त्यासाठीच आहेत.

साशंक : बरोबर. पण तो पन्नास वर्षांचा वारा कोणत्या नोंदींवरून काढला? शंभर-दीडशे मीटर उंचीवरच्या, समुद्रावरच्या, चक्रीवादळातल्या नोंदी आपल्याकडे किती आहेत? आणि ज्या काळावरून काढला तो काळच बदलत चालला आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या संशोधकांनी २०२१मध्ये दाखवून दिले की, गेल्या दोन दशकांत अरबी समुद्रातल्या चक्रीवादळांची संख्या आधीच्या दोन दशकांपेक्षा ५२ टक्क्यांनी वाढली. कोकणाला जे वादळ क्वचितचे वाटायचे ते आता तसे राहिलेले नाही. त्याच अभ्यासात बंगालच्या उपसागरातली संख्या थोडी घटलेली दिसते, हे तुम्ही म्हणायच्या आत मीच सांगतो. पण मनोऱ्याला संख्येशी काय करायचे? त्याला एकच पुरते.

उत्साही : नोंदींच्या मुद्द्यावर मी तुमच्याहून पुढे जातो. भारतातली पहिली पवनक्षेत्रे १९८६मध्ये तीन ठिकाणी झाली : गुजरातेत ओखा, तमिळनाडूत तुतिकोरीन आणि आपले रत्नागिरी. ५५ किलोवॉटची यंत्रे होती ती, आजच्यापुढे खेळण्याएवढी. तिन्ही किनाऱ्यावर. पुढे महाराष्ट्रातल्या चक्क्या मोठ्या प्रमाणात सह्याद्रीच्या पठारांवर चढल्या, साताऱ्याकडे चाळकेवाडीला, वनकुसवड्याला, कारण वारा तिथे होता. वादळाचा प्रश्न आपोआप मागे पडला. आता समुद्रातल्या चक्क्यांची वेळ आली तेव्हा आपल्या हाती त्या समुद्राचा अनुभव नाही. केंद्र सरकारने जून २०२४मध्ये ७,४५३ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. गुजरातच्या समुद्रात ५०० आणि तमिळनाडूच्या समुद्रात ५०० मेगावॉट. तमिळनाडूचा भाग दक्षिणेकडे, मन्नारच्या आखातात. तिथे वारा इथल्यापेक्षा चांगला आहे, हे मी नाकारत नाही. पण १९६४च्या डिसेंबरात चक्रीवादळाने धनुष्कोडी पुसून टाकली ती त्याच परिसरात. म्हणजे वादळ टाळून समुद्रात जाता येईल अशी जागा या राज्यात नाही. मग मोजायचे कुठे? राष्ट्रीय पवन ऊर्जा संस्था इथून वीसेक किलोमीटरवर पल्लिकरणैला आहे, चेन्नईचा भार आहे, नेम्मेलीला समुद्राचे पाणी गोडे करणारे प्रकल्प आहेत ज्यांना रात्रंदिवस वीज लागते. वर्ग ‘टी’ची तीन-चार यंत्रे इथे उभी करा, पात्यांत, मनोऱ्यात, पायात मोजमापाची यंत्रे भरा आणि पुढचे वादळ त्यांच्यावरून जाऊ द्या. वादळातला वारा चक्कीला काय करतो हे चक्कीच सांगू शकेल. वेधशाळेच्या दहा मीटरच्या खांबावरून ते कळणार नाही.

साशंक : म्हणजे पुढचे वादळ हा तुमचा प्रयोग, आणि प्रयोगशाळा कोवलमच्या मासेमारांची. ते पहाटे होड्या कुठून काढतात ते तुम्ही पाहिले आहे. मुप्पंदलला चक्की मोडली तर पाते बहुधा शेतात पडेल. इथे ते समुद्रात पडेल, फायबरचे तुकडे जाळ्यांत येतील, मोडका मनोरा पाण्याखाली राहील आणि त्या भागात होडी नेऊ नका असा हुकूम निघेल. किती महिने? दुरुस्तीचे जहाज मिळेपर्यंत. माझा चक्कीच्या मोडण्याला विरोध नाही. काही ना काही मोडणारच. विरोध याला की, ती कशी मोडावी हे आधी कोणी ठरवत नाही. कोणता भाग आधी जाऊ द्यायचा? पाते गेले तरी मनोरा राहिला पाहिजे, मनोरा गेला तरी पाया, असा क्रम आराखड्यात बांधता येतो. मियाकोजिमाला पाया उखडला, म्हणजे जे सर्वांत शेवटी जायला हवे ते गेले. अमेरिकेत ताडाच्या झाडावरून कल्पना घेऊन वाऱ्याच्या दिशेने मागे झुकणारी पाती करून पाहत आहेत. तशा विचाराला आपल्या निविदेत जागा कुठे आहे? निविदेत वर्ग लिहितात आणि युनिटचा दर विचारतात.

उत्साही : मोडण्याचा क्रम आधी लेखी ठरावा, ही मागणी मला पटते. पण दुसरी बाजूही तुम्ही मोजली पाहिजे. चेन्नईची वीज आज बरीचशी उत्तरेच्या एन्नोर-वल्लूर पट्ट्यातल्या कोळशातून येते. तिथल्या खाडीत राख साचून मासेमारांचे पाणी गेले. ते नुकसान एका रात्रीत झाले नाही, म्हणून त्याला कोणी अपघात म्हणत नाही, त्याचे चित्रण जगभर फिरत नाही. कोवलमच्या मासेमाराला मी जोखीम देतो आहे हे खरे; एन्नोरच्या मासेमाराला ती विचारल्याशिवाय आधीच दिली गेली आहे. चक्कीला तुम्ही पन्नास वर्षांच्या वाऱ्याचा हिशेब विचारता तो योग्यच आहे. तितक्याच काटेकोरपणे कोळशालाही विचारा.

साशंक : विचारतो. पण एन्नोरला जे झाले त्याच्या भरपाईसाठी कोवलमने धोका घ्यावा, हे गणित मी कोवलमच्या कोणाही माणसाच्या तोंडावर मांडू शकणार नाही. तुम्ही मांडू शकाल तर माझ्या दोन प्रश्नांची उत्तरे घेऊन जा. पहिला : ग्रिड गेल्यावर तोंड फिरवणारी वीज किती तास पुरेल, आणि ती बॅटरी दर पावसाळ्यानंतर भार टाकून कोण तपासेल? दुसरा : चक्की मोडून समुद्र बंद ठेवावा लागला तर त्या प्रत्येक दिवसाचे पैसे कोणाच्या खात्यातून निघतील?

उत्साही : पहिल्याचे उत्तर मी आज देतो : चोवीस तास, आणि तपासणी उत्पादकाने नव्हे, पल्लिकरणैच्या संस्थेने, ईशान्य मोसम सुरू होण्याआधी. दुसऱ्याचे उत्तर माझ्याकडे नाही. विमा यंत्राचा निघतो, दिवसभराच्या मासळीचा नाही. पण ते उत्तर मिळेपर्यंत एकही यंत्र उभे करायचे नाही असे ठरवलेत, तर ते उत्तर कोणी शोधायलाही बसणार नाही. उभ्या नसलेल्या चक्कीच्या भरपाईचा कायदा कोण लिहितो?

साशंक : आणि एकदा ती उभी राहिली की, मग कोण लिहितो?